मंगळवार, अकरा वाजून दहा मिनिटं

माझा धंदा बुडणार ही बातमी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते. त्यानंतर ती मी निदान सात वेळा वाचली. एकदा म्हणे नुसती चित्रं जोडली की प्रोग्राम आपोआप तयार होणार होता. एकदा तो साध्या बोलण्यातून तयार होणार होता. हल्ली यंत्रच बसून लिहितं म्हणतात. दर वेळी मी टेबल आवरून ठेवलं, आणि दर वेळी कुणीतरी मान खाजवत आलं, "ते नवीन आणलंय ना, ते चालत नाहीये. जरा बघता का?" केस गेले, धंदा राहिला.

म्हणून बातमी वाचायची माझी एक रीत आहे. 'क्रांती' शब्द आला की मी खिसा चाचपतो. 'सोपं झालं' असं लिहिलेलं असलं की अवघड काम दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पडलंय हे समजावं, बहुधा माझ्याच. आणि 'तुमच्या सोयीसाठी' दिसलं की मी उठून दाराची कडी तपासतो. बायको मला शंकासुर म्हणते. एकदा तिने कचेरीत फोन करून "शंकासुर जागेवर आहेत का?" असं विचारलं, आणि फोन घेणाऱ्या बाईने सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं मला त्याच नावाने पुकारलं. त्या दिवसापासून माझं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं.

आमची कंपनी लिफ्टचे प्रोग्राम करते. माझ्याकडे दार. लोकांना वाटतं, लिफ्ट वर नेणं अवघड. अहो, तिला दिशाच दोन! दाराचं तसं नाही. दारात हात येतो, छत्री येते, कुत्र्याची साखळी येते, आणि "थांबा थांबा" करत धावणारे साहेब येतात. यातल्या कुणाला घ्यायचं, कुणासाठी किती थांबायचं, कुणाला चिमटायचं नाही, हे बावीस वर्षं मी ठरवत आलोय. आणि बावीस वर्षं मी स्वतः जिन्याने जातो. का, म्हणून कुणी विचारलं तर सांगतो, "मी तिला आतून ओळखतो."

तिसऱ्या मजल्यावर खिडकीपाशी माझं टेबल. तिथला एसी असा की की-बोर्डच्या बटणांना हुडहुडी भरायची आणि एक अक्षर दाबलं तर तीन उमटायची. म्हणून टेबलाखाली मी एक जुना लोखंडी कॉम्प्युटर ठेवला होता. पडदा नाही, की-बोर्ड नाही, नुसता खोका. कधीपासून चालू होता देव जाणे, पण अंगातून ऊब यायची, त्यावर पाय ठेवून मी काम करायचो. त्या खोक्याची हकिगत पुढे येईलच.

सकाळी अकराला चहा. चहाला माझ्यासोबत टेस्टर. त्याचं काम म्हणजे दिवसभर लिफ्टमध्ये बसून चुकीची बटणं दाबणं. दिवसाला चाळीस मैल प्रवास करतो आणि कुठेच पोचत नाही. मी मोबाइलवरची बातमी वाचायची आणि त्याने तिच्यात चूक काढायची, असं आमचं वर्षानुवर्षांचं चाललंय.

"ऐक. आता फ्रिज सांगणार, दूध संपलं म्हणून."

"माझी बायको सांगतेच की. तिला बॅटरी लागत नाही."

"आणि हा फ्रिज ते आणखी कुणाकुणाला सांगतो, ते लिहिलेलं नाही."

"झालं! आता दुधातही तुम्हाला हेर दिसला."

अशा सुखाच्या काळात ती आली. नवी. तीन महिन्यांच्या बोलीवर ठेवलेली. काम पटलं तर कायम, नाही तर नमस्कार. तिच्याकडे एकच काम. पूर्वी आमच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती मेकॅनिक वर्षातून एकदा इमारतीइमारतीत जाऊन हाताने भरायचा. आता कुणी काही बदल केला की तो आपोआप, तारेवरून, थेट लिफ्टमध्ये जाऊन बसेल, अशी सोय तिने करायची होती. सोय! मी कडी तपासली.

पहिल्याच दिवशी ती मला काका म्हणाली. पहिल्या दिवशी नातं जोडणाऱ्या माणसाला काहीतरी हवं असतं, असं माझं मत आहे. शिवाय ती टाचणी शोधायला माझ्या टेबलाशी आली आणि की-बोर्ड उचलून पाहिला. की-बोर्डाखाली माझा पासवर्ड चिठ्ठीवर लिहिलेला. तिने पाहिला की नाही, कळलं नाही. टाचणी मात्र मिळाली नाही.

तिसऱ्या आठवड्यात ती संत्रं सोलत माझ्या टेबलाशी उभी राहिली.

"काका, तुम्ही दर मंगळवारी अकरा दहाला काय करता हो? एक मंगळवार चुकत नाही."

अकरा दहाला मी चहा पीत असतो. पण कामाच्या वेळी चहाला किती वेळ लागतो हे मोजणारी माणसं मी पाहिली आहेत, म्हणून मी म्हणालो, "काम."

"कसलं?"

"दाराचं. सांगून कळायचं नाही."

तिने मान डोलावली, संत्र्याची एक फोड माझ्यापुढे ठेवली आणि गेली. ती फोड मी संध्याकाळपर्यंत खाल्ली नाही.

ती येऊन सव्वादोन महिने झाले आणि तक्रार आली. आमचं एक मोठं गिऱ्हाईक आहे, बारा मजली कचेरी, चार लिफ्ट; नवीची तार सगळ्यात आधी त्यांच्याकडेच जोडलेली. त्यांचं म्हणणं, दोन महिने झाले, दर मंगळवारी अकरा वाजून गेले की चारही लिफ्ट जिथे असतील तिथल्या मजल्यावर थांबतात, दार उघडतात, मिटतात आणि मग पुढे जातात. कुणी बटण दाबलेलं नसतं. तिथला एक कारकून म्हणे त्यावर घड्याळ लावायचा. पण मागच्या मंगळवारी त्यांचे थोरले साहेब पाहुण्यांना घेऊन लिफ्टमध्ये होते आणि "आमच्याकडे सगळं आमच्या हातात असतं" असं म्हणत असतानाच दार उघडलं. पाहुणे हसले. साहेब नाहीत हसले. हे कोण करतं याचं उत्तर त्यांना याच आठवड्यात हवं होतं. नाही तर लिफ्ट दुसऱ्या कंपनीकडे.

नवी आवृत्ती आत आली की लिफ्ट एकदा दार उघडून मिटते, आपलं माप घेते. ते माझंच काम. म्हणजे दर मंगळवारी कुणीतरी दाराच्या प्रोग्राममध्ये काहीतरी बदलत होतं. आम्ही प्रत्येक बदलाची यादी ठेवतो: कुणी केला, कधी केला. कधी उघडत नाही ती यादी मी उघडली. पहिल्याच पानावर आठ मंगळवार, आठ बदल, वेळ अकरा दहा, शेरा 'किरकोळ सुधारणा'. आणि नाव माझं.

मला दरदरून घाम फुटला. त्या एसीत!

एक बदल उघडून पाहिला. प्रोग्राममध्ये माणसांसाठी टिपणं लिहायची सोय असते. यंत्र ती वाचत नाही. माझ्या दाराच्या अगदी वर माझं जुनं टिपण आहे, "इथे हात लावू नये." त्याच्याखाली कुणीतरी एक रिकामी ओळ घातली होती. पुढच्या मंगळवारी ती काढली होती. मग पुन्हा घातली. चोर आधी कडी हलवून पाहतो, घरात कुणी जागं आहे का, तसंच हे.

पुढचं पान उलटलं असतं तर ही गोष्ट तिथेच संपली असती. पण संशयाला पुरावा मिळाला की तो पान उलटत नाही.

"तीच," मी टेस्टरला म्हणालो. "मंगळवारचं तिला ठाऊक होतं. ती यायच्या आधी एक तक्रार नव्हती. आणि पासवर्ड तिने पाहिला."

"पण तिला रिकामी ओळ घालून काय मिळणार?"

"आज रिकामी. उद्या भरलेली. चोराच्या मनात चांदणं असतं बाबा, म्हणून तर येऊन विचारून गेली."

"चांदणं कुणाच्या मनात आहे ते उजाडल्यावर कळेल," तो म्हणाला आणि बटणं दाबायला गेला.

सोमवारी संध्याकाळी मी आमच्या मॅडमना पत्र लिहिलं. मॅडम नवव्या मजल्यावर बसतात, कंपनी त्यांच्या शब्दावर चालते. पत्रात मी आडून काही लिहिलं नाही. 'चोरटी' हा शब्द लिहिला. वाचून पाहिलं, चांगला वाटला, म्हणून आणखी एकदा लिहिला. उत्तर लगेच आलं: "उद्या बारा वाजता तिला बोलावते. हे खरं असेल तर उद्याच निरोप."

घरी बायकोला सांगितलं. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. ते घड्याळ मला जुन्या साहेबांनी दिलं होतं, सातत्याच्या कामाबद्दल बक्षीस म्हणून. ते आलं त्या दिवशी ती म्हणाली होती, "तुम्हाला? सातत्याबद्दल?" आणि पाकीट उलटं करून दुसऱ्या कुणाचं नाव आहे का ते पाहिलं होतं.

"त्या पोरीला विचारलंत का एकदा?" ती म्हणाली.

"चोराला कुणी विचारतं का?"

"निदान खात्री करा. आजन्म संशय घेतलात, खात्री एकदा तरी करून बघा."

म्हणून मंगळवारी मी चहाला गेलो नाही. टेस्टरने दोनदा हाक मारली, मी पोट धरून दाखवलं. नवी माझ्यापासून तीन टेबलांवर, माझ्याकडे तोंड करून बसलेली. मी कागदाआडून बघत होतो. अकरा पाच. तिने डबीतून संत्रं काढलं. अकरा आठ. ती सोलायला लागली. सोलायची तिची पद्धत अशी की अख्खं साल एका पट्टीत निघालं पाहिजे, म्हणून दोन्ही हात गुंतलेले आणि जीभ बाहेर. अकरा नऊ. मी यादी उघडून ठेवली. माझी खात्री होती, आता हात पुसेल आणि की-बोर्डवर ठेवेल.

अकरा दहा. दोन्ही हात संत्र्यावर. आणि माझे पाय गरम झाले.

खोका घुरघुरला. झोपलेलं मांजर कूस बदलताना आवाज करतं तसा. आतला पंखा फिरला, थांबला. समोर पडद्यावर यादीत एक नवी ओळ आली: माझं नाव, किरकोळ सुधारणा.

मी पाय वर उचलले आणि अकरा वर्षं मागे जाऊन पडलो.

त्या काळी ते घड्याळवाले जुने साहेब होते. त्यांना प्रोग्राममधलं काही कळत नसे, पण मोजता येत असे. ज्या आठवड्यात ज्याच्या नावावर एकही बदल नाही तो कामचुकार, असा त्यांनी फतवा काढला. आता दार एकदा नीट लिहिलं की त्याला हात न लावणं हेच खरं काम! ते त्यांना समजावण्यापेक्षा मी एका दुपारी पंचवीस ओळींचा छोटा प्रोग्राम लिहिला. दर मंगळवारी, मी चहाला गेलो की, माझ्या नावाने एक रिकामी ओळ घाल. पुढच्या मंगळवारी काढ. तो त्या खोक्यात बसवला. वर्षअखेर घड्याळ मिळालं. साहेब निवृत्त झाले, फतवा गेला, खोक्यावर मी पाय ठेवले आणि सगळं विसरलो. तो मात्र विसरला नाही. सातत्य म्हणतात ते हेच असावं.

मी यादीचं पुढचं पान उलटलं. मग त्याच्या पुढचं. मंगळवार, मंगळवार, मंगळवार, अकरा वर्षांचे.

इतकी वर्षं त्या रिकाम्या ओळी कुठेच जात नव्हत्या. नवीने तार जोडली आणि त्या लिफ्टपर्यंत पोचल्या. तिचं काम चोख होतं. इतकं चोख की माझी लबाडीसुद्धा वेळेवर पोचवत होतं.

आता खरं सांगतो, कारण या वयात खोटं बोललं तर लक्षात ठेवायला त्रास होतो. पहिला विचार माझ्या मनात आला तो असा: खोक्याची वायर उपटावी आणि गप्प बसावं. बाराला ती जाईल. पुढच्या मंगळवारपासून दारं उघडायची नाहीत. सगळे म्हणतील, बघा, गेली आणि त्रास थांबला. म्हाताऱ्याचं बरोबर होतं. कुणाला कधी कळणार नाही.

मी वायर उपटली. पंखा थांबला.

बाराला पाच कमी असताना नवी उठली, ओढणीसारखं गळ्यात टाकलेलं ओळखपत्र सरळ केलं आणि माझ्यापाशी येऊन म्हणाली, "काका, मॅडमनी बोलावलंय. तीन महिने व्हायला वेळ आहे अजून. तुम्हाला काही कल्पना आहे, कशाला?"

"नाही," मी म्हणालो.

"लिफ्टचंच असेल. पण तुम्ही काळजी करू नका, मी तुमचं नाव नाही घेतलेलं," असं म्हणून ती गेली.

ती माझं नाव वाचवत होती! मी खोक्याकडे पाहिलं. तिच्या टेबलावर संत्र्याचं साल पडलं होतं, अख्खं, एका पट्टीत.

खोका उचलला. सतरा किलोचा तरी असेल. टेस्टरला विचाराल तर सात म्हणेल, पण उचलला मी होता. सहा जिने, हे गुडघे आणि चार मिनिटं. जमणं शक्य नव्हतं. लिफ्टच्या दारात टेस्टर उभा.

"या शंकासुर. आज माझ्या गावाला?"

"नववा दाब. बरोबरचा दाब, सवयीने दुसरा दाबू नकोस."

दार मिटायला लागलं आणि मला दिसलं, खोक्याचा कोपरा बाहेर राहिलाय. मी डोळे मिटले. दार कोपऱ्याला जेमतेम टेकलं, थबकलं आणि हळूच मागे गेलं.

"पाहिलंत?" टेस्टर म्हणाला. "कुणीतरी बरं लिहिलंय."

"मला संशय आहे," मी म्हणालो आणि खोका पोटाशी धरला.

नवव्या मजल्यावर मॅडमच्या खोलीत नवी खुर्चीच्या टोकावर बसली होती. मॅडमसमोर माझं पत्र. मी खोका थेट त्यांच्या टेबलावर ठेवला, पेनं सांडली.

"हे काय?"

"चोरटी," मी म्हणालो. "म्हणजे चोरटा. हा. आणि याला शिकवणारा मी."

सगळं सांगितलं. मॅडमनी सांडलेली पेनं एकेक करून उचलली.

"रिकामी ओळ?"

"हो."

"अकरा वर्षं?"

"एक आठवडा घालायची, एक आठवडा काढायची."

"म्हणजे शेवटी झालं काय?"

"शेवटी काहीच नाही, मॅडम."

त्यांनी नवीकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"यादीत दिसलं होतं, सगळी अकरा वर्षं," नवी म्हणाली. "काकांना विचारलं, ते म्हणाले, दाराचं काम आहे. मला वाटलं, एवढा जुना माणूस एवढ्या नेमाने रिकामी ओळ घालतो-काढतो, म्हणजे त्यात काहीतरी असणारच. काढली आणि दाराने कुणाला चिमटलं तर? म्हणून हात लावला नाही. वर लिहिलंच होतं की तसं."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण नववा मजला होता, जमीन लांब.

मॅडमनी माझं पत्र उचललं. मी हात पुढे केला. त्यांनी ते नवीला दिलं. तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "काका, 'चोरटी' दोनदा आलंय."

"एकदा पुरलं असतं," मी म्हणालो. "एकदाही नको होतं."

निकाल तिथेच लागला. नवी त्या दिवसापासून कायम. गिऱ्हाइकाकडे मी जायचं, थोरल्या साहेबांसमोर उभं राहून हे सगळं स्वतःच्या तोंडाने सांगायचं, आणि जायचं ते लिफ्टने. "आणि यापुढे," मॅडम म्हणाल्या, "तुमची प्रत्येक ओळ हिच्या नजरेखालून जाईल. रिकामीसुद्धा."

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. "मला तेव्हाच संशय आला होता," ती म्हणाली. घड्याळ उतरवतो म्हटलं तर नको म्हणाली. बक्षीस खोटं असलं तरी वेळ खरी दाखवतंय ना, मग राहू दे.

आठवडाभर नवी माझ्याशी कामापुरतंच बोलली. काका म्हणाली नाही. संत्रं रोज सोलायची, फोड कुणालाच द्यायची नाही. खोका नव्हता, त्यामुळे माझे पाय बर्फ झाले होते, पण तक्रार करण्याचं तोंड कुणाला होतं!

पुढच्या मंगळवारी मी चहाला गेलो आणि बातमी न वाचताच परत आलो. पडद्यावर एक सूचना थांबलेली: दाराच्या प्रोग्राममध्ये बदल सुचवला आहे, तुमची मंजुरी हवी. वेळ अकरा दहा. नाव पाहिलं, तर तिचं. उघडलं. माझं जुनं टिपण तसंच होतं, "इथे हात लावू नये." आणि त्याच्याखाली, जिथे अकरा वर्षं रिकामी ओळ ये-जा करत होती, तिथे तिने लिहिलं होतं, "लावायचाच असेल तर आधी काकांना विचारावं."

मी मान वर केली. ती संत्र्यात गुंतली होती, किंवा तसं दाखवत होती.

मी ती ओळ उलटीसुलटी वाचली. काका का म्हटलंय, मंगळवारच का निवडला, यात काही डाव तर नाही, सगळं तपासलं. यादी उघडली आणि या वेळी पुढचं पान उलटलं, त्याच्या पुढचंही. कुठे काही सापडलं नाही. तेव्हा उठून तिच्या टेबलाशी गेलो.

"यातलं एक अक्षर बदलू का?" मी विचारलं.

"कुठलं?"

"'काकांना'च्या जागी 'एकमेकांना' कर. मग मंजूर."

तिने माझ्याकडे पाहिलं, डोळे बारीक करून, मी एरवी बातम्यांकडे बघतो तसं. "हे एक अक्षर नाहीये, काका," ती म्हणाली. "तुमची मोजणी मी आता तपासूनच घेणार." आणि एक फोड माझ्यापुढे ठेवली.

ती मी तिथेच उभ्याउभ्या खाल्ली. आंबट होती, पण ते मी बोललो नाही.